शून्याचे दहा

मालोजी अण्णा माणसाची ओळख करून घेताना आधी त्याची बोटं हुंगत. नाव, गाव, वय हे सगळं मागाहून. पेशंट खुर्चीवर टेकला की नाडी बघतात तसा त्याचा उजवा हात हातात घ्यायचे आणि वाकून पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात नाक घालायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्याहून बंगलोरच्या एका छातीच्या इस्पितळात, तिथल्या संशोधनाच्या लॅबमध्ये रुजू झाले, तेव्हा त्यांनी सवयीनं माझाही हात धरला आणि हुंगला. "कोथिंबीर," ते म्हणाले. "सकाळीच चिरलीस. सरी, बस की." सरी म्हणजे कानडीत ठीक आहे.

मी तेवीस वर्षांची, बायोकेमिस्ट्रीची ताजी पदवी मिरवणारी. हात सोडवून घेतला आणि मनाशी म्हटलं, या खेडवळ म्हाताऱ्याबरोबर काही आपले दिवस निघायचे नाहीत. सहा वर्षं निघाली.

अण्णा खेडवळ मुळीच नव्हते. सात पिढ्या बंगलोरच्या पेठेत काढलेलं मराठ्याचं घराणं. "साडेतीनशे वर्षांमागे कुणा सरदाराच्या घोड्यामागून चालत आलो," ते सांगायचे. "घोडा परत गेला. आम्हाला इथली कॉफी आवडली." त्यांच्या मराठीत कानडी शब्द इतके सहज मिसळलेले असत की वेगळे काढता येत नसत, आणि मी हसले की म्हणायचे, "आमचं मराठी जुनं आहे पोरी. तुमचं पुण्याचं परवा घासूनपुसून काढलेलं. चकाकतंय म्हणून सोनं समजू नको."

ते लॅबचे सीनियर टेक्निशियन. पंचावन्नचे, काटकुळे, पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम एक सोललेली वेलची. रक्त काढावं तर त्यांनीच. समोरच्याला सुई टोचल्याचं कळायच्या आत ते नळीला बूच लावत असत. फक्त जिन्याशी त्यांचं वाकडं होतं. लॅब दुसऱ्या मजल्यावर, आणि मधल्या वळणावर थांबून ते रोज न चुकता खिडकीतून आवारातलं फणसाचं झाड बघत. मला वाटायचं, झाडांची आवड असेल.

आमचं काम असं. आमच्या मोठ्या डॉक्टरांना एका प्रथिनाचं वेड होतं. फुप्फुसात शरीराची साफसफाईची टोळी असते, ती जंतूंना खाते, पण तिला आवरलं नाही तर फुप्फुसालाही कुरतडते. तिला आवरणारं प्रथिन यकृतात तयार होतं आणि रक्तातून फुप्फुसात येतं. काही घराण्यांत त्या प्रथिनाची घडण पिढीजात बिघडलेली असते. मग ते यकृतातच अडकून पडतं. यकृत सुजतं, आणि तिकडे फुप्फुस राखणीवाचून उघडं पडतं. जुनाट दम्या-खोकल्याचे जे पेशंट आमच्याकडे यायचे, त्यांच्यात असे कितीजण आहेत, हे शोधायचं होतं.

हे डॉक्टर चाळीस मिनिटं सांगायचे. अण्णांचं दोन वाक्यांत व्हायचं. "घरात भांडी घासायला मोलकरीण ठेवली, तर 'बाई, पुरे' म्हणायला सासू पाहिजे. सासू नसली तर मोलकरीण घासून घासून भांड्याला भोक पाडते." झालं. त्या दिवसापासून लॅबमध्ये त्या प्रथिनाचं नाव सासू पडलं. "या बाईची सासू किती?" "अण्णा, कालच्या तिघांची सासू मोजायची राहिली." एकदा डॉक्टरही दिल्लीच्या पाहुण्यांसमोर सासू म्हणून गेले आणि वर आमच्यावरच रागावले.

पेशंटचा फॉर्म भरणं हे माझं काम. त्यात रोज किती बिड्या-सिगारेटी, असा एक रकाना होता. इथं अण्णांचा स्वतःचा कायदा चाले. "शून्य म्हणणाऱ्याचे दहा लिही. दहा म्हणणाऱ्याचे वीस. वीस म्हणणारा खरं बोलतोय, त्याला कॉफी पाज." मी पहिल्याच आठवड्यात भांडले. म्हटलं, अण्णा, पेशंट सांगतो तेच लिहायचं असतं, हे शास्त्र आहे. ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "पुस्तकातला पेशंट खरं बोलतो ग. आपल्याकडे खोकणारा येतो." माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी समोरच्या गरीब विणकराच्या शून्याआधी एक काढला. विणकर शपथा घेत राहिला. पुढेपुढे मी भांडायचं सोडलं. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा अण्णांनी न सांगता शून्याचे दहा लिहायला लागले; दहा म्हणणाऱ्याचे तेवढे दहाच ठेवायची.

या कायद्यामागचा माणूस मला त्या वर्षीच्या संक्रांतीला कळला. बंगलोरला संक्रांतीला घरोघर एळ्ळु-बेल्ल वाटतात. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे यांचं सुकं मिश्रण आणि सोबत उसाचा तुकडा. खा आणि गोड बोला, हाच तिथलाही मंत्र. अण्णांनी एक पुडा बांधून माझ्या हाती दिला आणि चिकपेटेतल्या एका शिवणाच्या दुकानात पोचवायला सांगितला. "तारा म्हणून बाई आहे. माझी भावजय. घेणार नाही. तू ठेवून ये." मी गेले. मशीनवर बसलेल्या बाईनं पुडा बघितला, मला बघितलं, आणि मी वळायच्या आत पुडा माझ्या पिशवीत परत टाकला. बाहेर येऊन बघितलं तर शेजारी बिडी-पानाचं दुकान, आणि त्याचा धूर सरळ शिवणाच्या दुकानात चाललेला.

परतलेला पुडा अण्णांनी फोडून लॅबमध्येच वाटला आणि मग सांगितलं. संभू, त्यांचा धाकटा भाऊ. शिंपीकाम करायचा. पस्तिशीत दम लागायला लागला, चाळिशीत जिना चढता येईना, मग पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि बेचाळिसाव्या वर्षी गेला. "छाती बिडीनं, पोट दारूनं," अण्णा म्हणाले. "लहानपणी मी त्याला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलं, आणि तो मरेपर्यंत माझ्या तोंडावर म्हणत राहिला, अण्णा, मी ओढत नाही, पीत नाही. त्याच्या शर्टाला बिडीचा वास यायचा आणि तो म्हणे ओढत नाही." प्रेत अंगणात असताना, रडणाऱ्या नातेवाइकांसमोर अण्णा मोठ्यानं म्हणाले होते, "रडताय कशाला? हौसेनं मेलाय." ताराक्कानं त्याच क्षणी त्यांना घराबाहेर काढलं. त्याला आठ वर्षं झाली होती. आठ संक्रांती आणि आठ पुडे. अण्णांनी गोड पाठवायचा अर्धा मंत्र तेवढा पाळला होता, बोलायचा राहिला होता.

आता आमच्या चुकीकडे येते. प्रथिन मोजायची आमची रीत साधी होती. काचेवर आगरचा, म्हणजे शेवाळापासून केलेल्या जेलीचा, पातळ थर, त्यात भोकं आणि भोकांत रक्ताचं सीरम. दोन दिवसांनी प्रत्येक भोकाभोवती पांढरं कडं उमटतं. कडं मोठं तर सासू दणकट. पण मोठं कशाहून? तुलनेला एक निरोगी माणसाचं सीरम लागतं. ते परदेशातून यायचं, आणि माझ्या येण्याआधीच संपलं होतं. नवीन मागवलेलं कस्टममध्ये अडकलेलं. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, तोवर एखादा निर्व्यसनी माणूस बघा. आमच्या इस्पितळात, छातीच्या, लक्षात घ्या, मोठ्या डॉक्टरांसकट सगळे ओढत. "या इमारतीत धूर न काढणारे दोघंच," अण्णा म्हणाले, "मी आणि फ्रिज." असं म्हणून त्यांनी दातांनी रबरी पट्टा ओढून स्वतःच्याच दंडाला बांधला आणि स्वतःचं रक्त काढलं. छोट्या छोट्या बाटल्या भरल्या, त्यांवर सुबक अक्षरात 'नॉर्मल' लिहिलं आणि फ्रीझरमध्ये ठेवून दिल्या. त्या संपल्या की पुन्हा बाही वर. दोन वर्षं मालोजी अण्णा आमचा शंभर टक्के होते. याचा त्यांना इतका अभिमान होता की कुणी नवा माणूस आला की त्या बाटल्या दाखवायचे.

दोन वर्षं सगळ्या पेशंटांची सासू दीडशे टक्के, पावणेदोनशे टक्के येत राहिली. आम्हाला शंका यायला हवी होती. पण डॉक्टरांकडे उत्तर तयार होतं: अंगात सूज असली की हे प्रथिन वाढतंच. ते खरंही होतं, आणि खरं उत्तर हाताशी असलं की माणूस दुसरं शोधत नाही. एकदा मी गंमत म्हणून माझं सीरम एका भोकात घातलं. माझंही कडं अण्णांच्या कड्याहून चांगलं मोठं आलं. अण्णा म्हणाले, "तुला सर्दी आहे." होती खरी. मी ती काच फेकून दिली. पदवीधर मी.

ज्याचं कडं लहान येईल त्याचंच पुढे जेल करायचं, असा नियम होता. जेलवर प्रथिनाच्या निळ्या पट्ट्या उमटतात आणि कुठली जात ते कळतं. कुणाचंच कडं लहान येईना, म्हणून जेलचं यंत्र प्लास्टिकखाली झाकलेलं. अण्णा त्यावर जेवणाचा डबा ठेवायचे.

मग एका पावसाळ्यात परदेशी सीरमची खोकी कस्टममधून सुटली. मी नवं सीरम, अण्णांचं सीरम आणि चार पेशंट एकाच काचेवर घातले. दोन दिवसांनी भिंगाखाली मोजलं, तर नव्या सीरमचं कडं भरघोस आणि अण्णांचं त्याहून बरंच लहान. अण्णांनी बघितलं आणि निकाल दिला, "परदेशातला माणूस खातो फार." पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः, मला हात लावू न देता केलं. तेच. तेव्हा अण्णांनी यंत्रावरचा डबा उचलला आणि प्लास्टिक काढलं.

जेल रंगवून धुतलं. जेलवर प्रत्येकाच्या सीरमला एक रकाना, त्याला आम्ही घर म्हणायचो. इतरांच्या घरात मधोमध निळ्या पट्ट्यांचा एक घोळका. अण्णांच्या घरात तोच घोळका, पण फिकट, आणि त्यापासून लांब, काठाकडे, आणखी एक पुसट जोडी. पुस्तकातल्या फोटोशी ताडून बघायची गरज नव्हती, पण मी ताडून बघत बसले, कारण मान वर करायचं धैर्य नव्हतं.

डॉक्टर आले. जेल उजेडात धरून आनंदानं जवळजवळ नाचले, आणि मग ते कुणाचं आहे हे कळल्यावर खुर्चीत बसले. आईबापांपैकी एका बाजूनं चांगलं आलेलं, दुसऱ्या बाजूनं बिघडलेलं, असं त्यांनी समजावलं. अर्धी सासू. जिन्यावर लागणाऱ्या दमाला तीही थोडी कारण असेल. "आईवडील नात्यातले होते?" त्यांनी विचारलं.

"वडील आईचे सख्खे मामा," अण्णा म्हणाले. "आमच्यात चालतं. घरातलं सोनं घरात राहतं."

"मग दोघांकडेही हे असू शकतं. एखाद्या भावंडाला दोन्ही बाजूंनी बिघडलेलंच मिळू शकतं. त्याला तरुणपणीच दम लागेल, बिडी न ओढता. कधी यकृतही जातं, दारू न पिता. कुणी भावंड आहे?"

अण्णांनी खिशातली वेलची काढली, बघितली आणि परत ठेवली. "होता," ते म्हणाले.

"ओढायचे?"

त्या प्रश्नाला अण्णांनी दहा हे उत्तर दिलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं. "नाही म्हणायचा," ते म्हणाले आणि बाहेर गेले. ते थेट फणसाच्या झाडाखाली जाऊन बसले. मी खिडकीतून बघत होते. मला त्यांची दया आली, आणि माझ्या हातानं लिहिलेले सगळे दहा आठवून माझी मला लाज वाटली.

तीन दिवस त्यांनी कुणाची बोटं हुंगली नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी वाळवलेलं जेल प्लास्टिकच्या दोन कागदांत घालून वहीत ठेवलं आणि म्हणाले, "चल. चिकपेट. मला ती एकट्याला उभा करणार नाही."

चिकपेटेत बसस्टॉपपासून दुकान दहा मिनिटांवर. आम्हाला पाऊण तास लागला. दर पन्नास पावलांवर अण्णा थांबायचे आणि थांबलो हे कळू नये म्हणून एखाद्या साडीच्या दुकानासमोर उभे राहून माल न्याहाळायचे. एवढं गंभीर गिऱ्हाईक बघून दुकानदार गठ्ठे सोडायला लागत. तीन दुकानांत जमिनीवर रेशमाचा ढीग झाला, आणि तिन्ही ठिकाणी अण्णा, श्वास जागेवर आल्यावर, "बेड," म्हणजे नको, म्हणून पुढे निघाले. चौथा दुकानदार रस्त्यापर्यंत मागे आला. तेव्हा मला ते फणसाचं झाड कळलं.

ताराक्का मशीनवर ब्लाउजला बाही लावत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि मशीन न थांबवता मला विचारलं, "हा माणूस कशाला आलाय?"

"तिला सांग, माफी मागायला आलोय," अण्णा मला म्हणाले.

"त्याला म्हणावं, उशीर झालाय. गिऱ्हाईकाचं काम आहे."

दोघांमध्ये तीन हातांचं अंतर, आणि मी टपाल. शेवटी मीच बोलायला लागले. सासू, मोलकरीण, मामा-भाची, चांगली बाजू, बिघडलेली बाजू, जसं जमेल तसं सगळं सांगितलं. संभूच्या आजाराला बिडी लागतच नव्हती आणि दारूही लागत नव्हती, हे सांगितलं. रक्त घ्यायला ते आता नाहीत, म्हणून शपथेवर सांगता येणार नाही, तेही सांगितलं. मशीन थांबलं. त्यांनी माझ्या हातातून जेल घेतलं आणि कापडाचा पोत बघतात तसं उजेडाकडे धरलं.

"एवढ्यासाठी एवढं करावं लागलं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "अठरा वर्षं त्या माणसाशेजारी झोपले मी. त्याच्या तोंडाला बिडीचा वास होता की नव्हता, ते मला ठाऊक. वास शर्टाला होता, ह्या शेजारच्या दुकानाचा. माझ्या पदरालाही आहे. ह्यांनी त्याचा शर्ट हुंगला, बोटं हुंगली. मला एकदा विचारलं नाही."

रस्त्यावर हातगाडीवाल्यांचा आरडाओरडा चालला होता. अण्णा चौकटीला धरून उभे होते, तोंड उघडं, खांदे वरखाली.

"चुकलो, तारा," ते सरळ तिच्याशी बोलले. "तो खरं सांगत होता. मी त्याला खोटं ठरवून जाळला."

ताराक्कांनी डोळे पुसले नाहीत. जेल काळजीपूर्वक वहीत ठेवलं आणि मला म्हणाल्या, "भावजींना बसा म्हणावं. उभे राहिले तर इथंच पडतील, आणि लोक म्हणतील बिडीनं मेले."

मग कॉफी आली. नंतर त्या आपल्या दोन्ही मुलींना घेऊन लॅबमध्ये आल्या आणि तिघींचं रक्त अण्णांनी काढलं. ताराक्कांचं माप चोख निघालं. दोन्ही मुलींचं अर्धं, म्हणजे जे आलं ते बापाकडूनच. डॉक्टर म्हणाले, खात्री नाही देता येत, पण मी पैज लावीन. मुलींनी धुरापासून लांब राहावं, एवढंही सांगितलं. ताराक्कांनी त्याच आठवड्यात मशीन उचलून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

मला वाटलं, संपलं. अण्णांचं संपलं नव्हतं. त्यांनी जुन्या फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर घेतला आणि दहा लिहिलेले वेगळे काढायला लागले. मोठी चवड झाली. तिच्याकडे बघत बसले. "यातले शून्याचे दहा कुठले आणि खरे दहा कुठले?" त्यांनी विचारलं. त्या विणकराच्या फॉर्मवर त्यांचा एक आणि माझं शून्य शेजारी शेजारी होतं, तेवढा एकच ओळखू आला. बाकी सगळे दहा माझ्याच अक्षरात, एकसारखे. अण्णांनी सगळ्यांना पोस्टकार्डं लिहिली, कानडीत, स्वतःच्या हातानं: कृपया एकदा या, पुन्हा विचारायचं आहे. काही आले. विणकराची बायको आली. तो गेला होता. तिच्यासमोर अण्णांनी दहावर काट मारली, शून्य लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्म तिला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं बघून मान हलवली.

पुढच्या संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल चिकपेटेहून आमच्याकडे आलं. त्यात साखरेची बाहुली होती, आणि अण्णांनी ती कुणाला खाऊ दिली नाही. मी बंगलोर सोडलं, अण्णा रिटायर झाले, आणि काही वर्षांनी ताराक्कांचं पत्र आलं की भावजी गेले, फार त्रास झाला नाही. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: अंगणात कुणी वेडंवाकडं बोललं नाही, मी दाराशीच उभी होते.

पण मला अण्णा आठवतात ते त्या पोस्टकार्डांच्या दिवसांतले. डॉक्टरांनी त्यांना रीतसर पेशंट म्हणून नोंदवायला सांगितलं होतं. ते पेशंटच्या खुर्चीत बसले, मी त्यांच्या खुर्चीत. नाव, वय, पत्ता लिहून झाला. अण्णांनी आपण होऊन उजवा हात माझ्या नाकापुढे धरला. मी तो बाजूला केला.

"रोज किती?" मी विचारलं.

"शून्य," अण्णा म्हणाले आणि माझ्या पेनाकडे बघत राहिले.

मी शून्य लिहिलं.

"एवढ्यात झालं?" ते म्हणाले. "संभूलाही असं कुणीतरी विचारून, तो म्हणेल ते लिहायला हवं होतं."